सात रेडिएटर आणि मी

७ जानेवारी, मंगळवार

घर थंडगार! खोल्या तापवणारे सातही रेडिएटर गार पडले – आणि मी इतका खूश आहे की लाज वाटावी.

नॉटिंगहॅमला येऊन नऊ आठवडे झाले. नऊ आठवड्यांत या घरात मी एक कपसुद्धा विसळलेला नाही. "बाबा, तुम्ही बसा." हे सूनबाई, नीना. "बाबा, बसा ना तुम्ही." हे चिरंजीव, अवधूत. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यांची दारं दुरुस्त केलेला माणूस मी. नागपूरच्या घरात नळ, कुकर, शिलाई मशीन – काहीही अडलं की बायको, वैजयंती, हाक मारायची. ती गेल्यापासून हाक नाही. दीड वर्ष झालं. मुलाच्या घरी पाहुणा म्हणून बसून राहायची मला भीती वाटते, हे इथे लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे बोलणार?

तर आज सकाळी दहाच्या सुमाराला सगळे रेडिएटर गार. अवधूत कॉव्हेंट्रीला ऑफिसात. नीना कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, काम घरूनच करते, वरच्या खोलीत. म्हणाली, "माणूस बोलावते." म्हटलं, खबरदार! यूट्यूबवर एक व्हिडिओ तीनदा पाहिला. रेडिएटरच्या कडेला एक चौकोनी टोक असतं, ते छोट्या पितळी चावीने फिरवायचं की आत अडकलेली हवा फुस्स करून निघते. एकामागून एक सातांची हवा काढली. गुडघ्यावर बसून, खांद्यावर टॉवेल, तोंडाने गाणं. नीना मध्ये दोनदा डोकावून गेली. सातवा संपला आणि अर्ध्या तासात घर उबदार! मी स्वतःच्या हाताने स्वतःची पाठ थोपटली. खरंच थोपटली.

आणखी एक. बाथरूमबाहेर कपाटाशेजारी लाल दिव्याचं बटण आहे, आजवर टॉवेलखाली दिसलंच नव्हतं. गिझरचं असणार. हे लोक दिवसभर चालू ठेवतात! अंघोळ झाली की बटण बंद – ही आमची चाळीस वर्षांची शिस्त. कुणाला बोललो नाही. सुनेच्या घरात नियम शिकवू नयेत. आज अंघोळीनंतर बंद केलं, पुढेही गुपचूप करत जाईन.

८ जानेवारी

पुन्हा गार! अंघोळ करून पेपर वाचेपर्यंत रेडिएटर थंड. वा!

आज निदान वेगळं. काल हवा काढली म्हणजे पाण्याचा दाब उतरणारच. पाण्याचा दाब – हे तर माझं खातं! बाथरूमशेजारच्या कपाटात रेडिएटरना गरम पाणी पुरवणारा बॉयलर आहे, त्याचा काटा एकच्या खाली. खालच्या नळीची तोटी जरा सोडली, काटा दीडवर आणला, तोटी बंद. समोरचा छोटा पडदा काळाच असतो. वीज वाचवायला असावा, इंग्रज काटकसरी. मग हात धुऊन चहा घेतो न घेतो तोच वरून बॉयलरची घरघर. नीना जिन्यावर उभी होती. "जमलं की हो बाबा." मी म्हटलं, जमणारच.

९ जानेवारी

आज थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या. बदलल्या, वीस मिनिटांत गरम. नातीला, तनूला, शाळेतून आणताना सगळं समजावलं. आठ वर्षांची आहे, मराठी मोडकंतोडकं, पण डोकं तल्लख. "आजोबा, तू डॉक्टर आहेस रेडिएटरचा?" आहेच!

१० जानेवारी

बाहेर उणे चार. बॉयलरची पाणी सोडायची नळी भिंतीबाहेर गोठली असणार – एक किटली कोमट पाणी ओतलं, काम फत्ते.

१२ जानेवारी, रविवार

कीर्ती पसरली. नीनाची मैत्रीण अरुणा दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिचा फोन – "उल्हासकाका, आमचा एकच रेडिएटर तापत नाही, बघता का?" बघता का म्हणजे! मफलर गुंडाळून निघालो. कडेची गोल मूठ काढली, आतली पिन खाली रुतून बसली होती. पक्कडीने हलकेच वर-खाली केली, सुटली. पाच मिनिटं. अरुणाने पोहे केले, ते मी मागून दोनदा खाल्ले. परत येताना बर्फावर घसरता घसरता वाचलो आणि एकटाच हसत सुटलो. लोक बघत होते. बघू देत.

घरचं यंत्र मात्र रोज नवं दुखणं काढतंय. मनातून वाटतं, काढू दे.

१४ जानेवारी, मंगळवार

नीना दोन दिवस लंडनला, कामासाठी. आज पहाटेच गेली.

दहा वाजता गार. हवा काढली. दाब पाहिला. बॅटऱ्या पुन्हा बदलल्या. नळीवर तीन किटल्या. काही नाही. बारा वाजले, दोन वाजले, तनू घरी आली, तरी काही नाही. पोरगी जॅकेट घालून अभ्यासाला बसली. अवधूत आला तो हात चोळतच. "मी नीनाला विचारतो." म्हटलं, तिला कशाला त्रास, ती कामात असेल. "मग उद्या माणूस बोलावतोय, बाबा. आता राहू द्या." राहू द्या!

१५ जानेवारी

माणूस आला. उंच, हसरा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून वर गेला. मी मागोमाग, हातात चावी, पक्कड, आठवड्याभराच्या नोंदींचा कागद. त्याने कपाट उघडलं. काळा पडदा पाहिला. मग शेजारी हात घालून माझं लाल दिव्याचं बटण दाबलं. पडदा उजळला, बॉयलर घरघरला.

"इट वॉज ऑफ, मी डक." इथे सगळ्यांनाच प्रेमाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात. दीड मिनिट लागलं त्याला.

गिझर वगैरे काही नाहीच. ते बटण बॉयलरचं. रोज सकाळी अंघोळीनंतर या घराची ऊब मी माझ्या हाताने बंद करत होतो, आणि दिवसभर तीच शोधत हिंडत होतो. मग ती रोज परत कशी यायची, हे डोक्यात शिरत नाही. अवधूत हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याला म्हटलं, परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ. मला इथे राहवत नाही.

१६ जानेवारी

सकाळी तनू माझ्या खोलीत येऊन रडायला लागली. "आजोबा, सॉरी. मम्मा लंडनला जाताना मला बोलला, शाळेतून आलीस की रेड स्विच ऑन कर, आजोबाला सांगू नको. मी विसरला. मग पप्पा अँग्री होता, म्हणून मी बोलला नाही." विचारलं, एरवी कोण चालू करायचं? "मम्मा. रोज. पहिला दिवसपासून. तुझा काम झाला की करायचा. तू खूप हॅपी होता ना."

खाली गेलो. नीना रात्रीच परत आलेली, पोळ्या लाटत होती. ओट्याशी जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उलथणं माझ्या हातात दिलं. "भाजा, बाबा. मला उशीर होतोय."