बिजागऱ्यांना तेल

प्रिय भिंगरी,

तू आणि बाबा बॅगेचं चाक बसवून घ्यायला गेला आहात. बाबा बरोबर आहेत म्हणजे दुकानदाराच्या सात पिढ्यांची चौकशी झाल्याशिवाय परत येणार नाही, तेवढा वेळ मला पुरेल. एकाच घरात असलेल्या मुलीला पत्र कसलं लिहायचं, असं तुला वाटेल. पण मी तोंडाने बोलायला गेले की रागावल्यासारखंच वाटतं, हे तूच लहानपणापासून सांगत आली आहेस. कागदावर मी जरा बरी असते.

तू आलीस, बरं वाटलं. बाबांनी रोज दाढी केली. तू इतकी झोपायचीस की ते मधूनमधून तुझ्या खोलीशी जाऊन कान लावायचे आणि स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचे, "घोरतेय, ठीक आहे." एरवी तू येतेस चार दिवसांसाठी. आल्याआल्या युनिफॉर्म धुऊन टांगतेस, फोनवर पुढच्या ड्यूट्या बघत जेवतेस आणि माझ्या शिव्या खातेस. या वेळी फोन उशीखाली होता. एवढी लांब रजा कशी दिली म्हणून मी विचारलं, तर "साठली होती गं" म्हणालीस आणि हसलीस. ते हसू मला माहीत आहे. ट्रे पुढे करतानाचं आहे ते. प्रवाशांना द्यावं, आईला देऊ नये.

युनिफॉर्म बॅगेच्या तळाशी चुरगळून पडला होता. मी काढला, धुतला, इस्त्री करून दाराला टांगला. "राहू दे ना आई, एवढी काय घाई आहे," म्हणालीस आणि संध्याकाळपर्यंत तो कपाटात गेला. मी काही बोलले नाही. न बोलणं मला जमत नाही असं तुझा मामा म्हणतो. त्याने या तीन आठवड्यांत मला बघायला हवं होतं.

मामाचंच सांगते. तो जेवायला आला त्या दिवशी त्याची गाडी रुळावर नव्हतीच. "काय गं हवाईसुंदरी, चुकून विमानाची घसरगुंडी उघडली की नाही कधी? आम्हाला बोलव बुवा, आम्ही घसरायला येतो!" बाबा हसले, मामा स्वतःच्या विनोदावर दुप्पट हसला. तूही हसलीस, पाण्याचा जग उचललास आणि भरून आणते म्हणत आत गेलीस. जग काठोकाठ भरलेला होता.

तुझं ट्रेनिंग चालू होतं तेव्हाची गोष्ट तुला आठवते का? आपल्या हॉलचं तू विमान केलं होतंस. घराचं पुढचं दार तुझं, समोरचं बाल्कनीचं दार माझं. उडायच्या आधी दाराला संकटात उतरायची घसरगुंडी जोडायची, उतरल्यावर ती सोडवायची आणि मगच दार उघडायचं. सोडवायची राहिली आणि मूठ उचलली, की भली मोठी घसरगुंडी फुगून बाहेर, आणि सगळा विमानतळ बघायला गोळा. म्हणून आपलं दार आपण करायचं आणि समोरचीने ते नजरेने तपासायचं. मी "तपासलं" म्हणायचं होतं. मला उशीर झाला की तू माझ्यावर खेकसायचीस. माझ्यावर खेकसलेलं मी तुझ्या आजीचंही ऐकून घेतलं नाही. तुझं घेतलं, कारण तुझे डोळे चमकत असायचे.

या वेळी मी तुला दारांशी बघत होते. दूधवाला आला, तू दाराशी गेलीस, मुठीवर हात ठेवलास आणि थांबलीस. वर बघितलंस, खाली बघितलंस, हात काढून घेतलास, पुन्हा ठेवलास. दूधवाला बाहेरून "घरात आहात का कुणी?" म्हणून ओरडत होता. बाथरूमच्या दाराशी तेच, गच्चीच्या दाराशी तेच. मग मी काय केलं, तर बेल वाजली की हातातलं टाकून तुझ्या आधी पोचायला लागले. आणि बाबांनी काय केलं? त्यांना वाटलं, दारं अडकतात म्हणून पोरगी थांबते. एका सकाळी उठले आणि घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. कपाटांच्यासुद्धा. माझ्या दोन साड्यांना डाग पडलेत, त्याचं नंतर बघू. "आता बोटाने उघडेल बघ," असं तुला सांगताना किती खूश होते! तू मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिलीस.

विमानाच्या दाराशी काय झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. पण कुणाला इजा झाली असती तर तू अशी झोपू शकली नसतीस, एवढं मी तुला ओळखते. ही रजा साठलेली नाही, दिलेली आहे. परवापासून तुला पुन्हा ट्रेनिंगला बसायचं आहे, एवढं तू जाता जाता बोललीस, आणि नव्या पोरींच्या रांगेत पहिल्यापासून शिकायची तुला लाज वाटतेय, हेही माझ्या ध्यानात आलं. माझ्या कॉलेजच्या ऑफिसात जागा निघते का म्हणून तू मला विचारलंस, "मैत्रिणीसाठी." तुझी ती मैत्रीण माझ्याच घरात राहते आणि माझ्याच हातचं जेवते, होय ना?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं. पोरी काचेची भांडी फोडायच्या. जी फोडायची ती रडायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायची. तिला मी त्याच तासाला दुसरं भांडं हातात द्यायचे. मध्ये आठवडा जाऊ दिला की ती दोन्ही हातांनी घट्ट धरायची, आणि घट्ट धरल्यानेच ते निसटायचं. तुला त्याच तासाला भांडं द्यायला तिथे मी नव्हते. इथे आलीस तर उलट मीच तीन आठवडे तुझ्यासाठी दारं उघडत बसले. आता पुरे.

तर हे पत्र यासाठी. उद्या सकाळी ते तुला चहाच्या कपाखाली मिळेल. तेव्हा मी आणि बाबा तुझी बॅग घेऊन बाहेर जिन्यात उभे असू. बाबांना मी एवढंच सांगणार आहे, की दाराला हात लावायचा नाही. पुढचं दार बंद असेल आणि ते मी उघडणार नाही. युनिफॉर्म कपाटातून काढून खुर्चीवर ठेवलेला असेल. तुला हे काम आवडेनासं झालं असेल, तर तसं दार उघडून मला तोंडावर सांग; बॅग परत आत आणू आणि मैत्रिणीसाठी मी कॉलेजात शब्द टाकेन. पण एका मुठीला भिऊन सोडत असशील, तर त्याला माझी परवानगी नाही. मुठीवर हात ठेव. वर बघ, खाली बघ, हवा तेवढा वेळ घे. गाडीवाल्याला बाबा बोलण्यात गुंतवतील. मी पलीकडून "तपासलं" म्हणेन. या वेळी वेळेवर म्हणेन. मग उघड.

तुझीच,
समोरच्या दाराची,
आई