ओल्या टॉवेलाचं पोट

तीर्थस्वरूप भाऊजी,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (तो मनातल्या मनात समजून घ्यावा, पालथं पडलं की सध्या पोट दुखतं). तुमची आणि ताईची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. तुमच्या गुडघ्याबद्दल ताईने कळवलं. वाईट वाटलं, पण थोडा हेवाही वाटला. गुडघा बाहेरून दिसतो, दाबता येतो, दुसऱ्या गुडघ्याशी ताडून बघता येतो. पोट एकच असतं, आणि तेही आत.

पाच महिने झाले, चार घास खाल्ले की माझं पोट गच्च होतं आणि पाचवा घास गळ्याशी येऊन बसतो. सौ. म्हणते, हे सगळं मनाचं आहे (एरवी मला मन आहे हे ती मान्य करत नाही). पोटाचे डॉक्टर म्हणाले, आधी बाहेरून बघू. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हृदयासारखे पोटालाही विजेचे बारीक ठोके असतात, मिनिटाला साधारण तीन, आणि कातडीवर वायरी चिकटवून ते मोजता येतात. ठोके ठीक निघाले तर गोळ्यांवर भागेल, बिघडलेले निघाले तर तोंडातून दुर्बिणीची नळी घालून आत बघावं लागेल. ती नळी मागच्या कपाटात टांगलेली होती. मी नजरेनेच मोजली. करंगळीएवढी जाड आणि चांगली मीटरभर लांब. त्यानंतर डॉक्टर बराच वेळ बोलत होते, पण माझ्या कानात काही शिरलं नाही.

आता तुम्ही जाणताच, गेली सव्वीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतो आणि हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. पहिला काटा उघडून जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले होते (तो काटा अजून बरोबर चालतो, तेव्हा ते स्क्रू कशाला घातले होते हे बनवणाऱ्यालाच विचारा). कुठलाही काटा समोर आला की मी तीन गोष्टी बघतो. रिकामा असताना शून्य दाखवतो का, तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवलं तर तोच आकडा येतो का, आणि ज्याचं वजन आधीच पक्कं ठाऊक आहे असं काही त्यावर कुणी ठेवून पाहिलंय का. वायरी लावणाऱ्या बाई माझ्या पोटावर गार जेली फासत होत्या तेव्हा मी त्यांना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, हलू नका." हे उत्तर नव्हे.

पहिल्या खेपेला उपाशीपोटी तासभर आडवा होतो, मग पाव, उकडलेलं अंडं आणि पाणी, आणि पुन्हा तासभर आडवा. आलेख असा निघाला की चित्रात काढावा. मिनिटाला तीन, एकसारखे. डॉक्टर म्हणाले, उत्तम, गोळ्या लिहून देतो. सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं की पाच महिन्यांचा हिशेब त्या नजरेत चुकता झाला, आणि त्याच दिवसापासून ताटात दुप्पट वाढायला सुरुवात केली. भाऊजी, दुसरा कुणी असता तर रिपोर्ट खिशात घालून गुपचूप घरी गेला असता. नळी टळली होती. मीही जिन्यापर्यंत गेलो होतो. पण जिन्यात मला तो पंखा आठवला.

त्या खोलीत मान फिरवणारा एक उभा पंखा होता. दोन तास बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्याची मान मोजली होती. डावीकडून निघून परत डावीकडे यायला वीस सेकंद. म्हणजे मिनिटाला तीन. माझा पलंग त्याच डाव्या टोकाला, आणि वारा माझ्यावर आला की दर वेळी वायरी थरथरत होत्या. आता सांगा, तो आलेख माझ्या पोटाचा की पंख्याचा? मी परत वर गेलो. सौ. खालच्या पायरीवरून ओरडली, "अहो, चांगलं निघालंय ते सहन होत नाही का तुम्हाला?" खरं सांगायचं तर होत नव्हतं.

आठवड्याने पंखा बंद ठेवून दुसरी तपासणी केली. या वेळी आलेख पिसाळल्यासारखा कुठेही धावत होता. वायरवाल्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन तास बोलत होतात. बोललं, खोकलं, हललं की सगळं त्यात उतरतं. श्वाससुद्धा." (मी फक्त काट्यात धूळ गेली तर काय होतं हे समजावत होतो, आणि त्याही मधूनमधून हं म्हणत होत्या.) मी विचारलं, मग यातलं पोट कुठलं आणि श्वास कुठला? त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, एकाच माणसाचं आज एक, उद्या एक येऊ शकतं. हे त्या स्वतःहून बोलल्या. मी तारीख आणि वेळ लिहून घेतली.

तिसऱ्या खेपेला मी तोंडातून शब्द काढला नाही, आधी लिहूनच नेलं होतं: "कृपया याच वायरी ओल्या टॉवेलाला लावून बघाव्यात. पंखा चालू असावा." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि (त्यांचं कौतुक केलं पाहिजे) टॉवेल भिजवून घट्ट गुंडाळी केली. जेली फासली, वायरी चिकटवल्या. दहा मिनिटांत आलेख आला. मिनिटाला तीन, माझ्यापेक्षाही सुबक. तेवढ्यात डॉक्टर आत आले, त्यांनी कागद उचलला आणि म्हणाले, "छान आहे की! या पेशंटला काही झालेलं नाही. घरी पाठवा." बाईंनी पलंगाकडे बोट दाखवलं. पेशंट निथळत होता.

मला वाटलं डॉक्टर चिडतील. ते खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "हे यंत्र म्हणजे बंद दाराला लावलेला कान आहे. खरं काय ते दार उघडल्यावरच कळणार." हे वाक्य त्यांनी आधीच तयार ठेवलं असावं असा मला संशय आहे, कारण दार म्हणताना ते माझ्या तोंडाकडे बघत होते. यंत्र भरवशाचं नाही, तेव्हा त्यावरून नळीचा निर्णय घेता येणार नाही, असं मी त्यांना लेखी दिलं आहे. कागद फाइलला लागला. पान क्रमांक चौदा.

ताईला नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढायला माझी हरकत नाही.

तुमचा,
मेहुणा

ता. क. ज्याचं पोट ठणठणीत आहे हे आधीच ठाऊक आहे असा माणूस या यंत्रावर अजून कुणी निजवलेला नाही. आपल्या नात्यात तुमच्याइतकं खात्रीचं पोट दुसरं नाही. तरी येत्या गुरुवारी सकाळी साडेआठला उपाशीपोटी यावं. लिफ्ट आहे, गुडघ्याची काळजी नको.

ता. क. २. उपाशी येऊ नका, पोटभर खाऊन या. गुरुवारी वायरींचं यंत्र बंद असतं. त्या दिवशी माझी नळी आहे, नऊ वाजता. सोबत घरचं एक माणूस लागतं, त्या रकान्यात मी तुमचं नाव लिहून मोकळा झालोय. सौ.ला सांगितलेलं नाही. तिचं अजून मनाचंच चाललंय, आणि तेच खरं निघावं असं मलाही वाटतं.

ता. क. ३. आपण होऊन कसा तयार झालो असं तुम्ही विचाराल. रविवारी दुकान बंद असताना मोठ्या काट्यावर उभा राहिलो. वजन नऊ किलो उतरलंय. काटा पूर्ण उघडला, पुसला, जोडला, पुन्हा उभा राहिलो. नऊच. काट्यात काही दोष नाही, भाऊजी. साडेआठला नक्की या.