टिंब वाचत नाही

मी, अनुपमा मोरेश्वर टिपणीस, वय ६४, निवृत्त मुद्रितशोधक, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. राहतं घर भाची मानसी हिला. अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातली खिडकी अडकते. जोर लावू नये.

२. अंध माणसांना मोबाइलवरचं मराठी वाचून दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही काही जण बिनपगारी चालवतो. लोक त्यातल्या चुका कळवतात. त्या तपासून दुरुस्तीला पाठवायच्या किंवा बंद करायच्या, हे नऊ वर्षं माझं काम. माहुलच्या काशीराम घाडी यांनी एका ओळीत कळवलं होतं, "टिंब वाचत नाही." जन्मभर अनुस्वार तपासलेली मी. 'आंबा', 'गंगा' वाचायला लावलं, नीट वाचलं. "अनुस्वार बरोबर आहेत," असं लिहून तक्रार बंद केली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

ते दशांशचिन्हाबद्दल सांगत होते.

पाच महिन्यांनी त्यांची मुलगी सुगंधा हिने त्याखाली लिहिलं: "बंद म्हणजे दुरुस्त झालं, असं बाबा समजले. डॉक्टरांच्या मेसेजमध्ये औषध ०.५ मिली होतं. फोनने 'शून्य पाच' वाचलं. बाबांनी आईला पाच मिली दिलं. आई गेली."

३. आमच्यातल्या, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मिहिरने अर्ध्या तासात दुरुस्ती केली आणि सुगंधाचा मजकूर पुसला. "मावशी, प्रोजेक्टची वाट लागेल ना!" मी तो परत ठेवला आहे. माझ्यामागे कुणी काढू नये. मिहिर, तूही नाही. तुझ्याशी धरलेला अबोला मी कुणाच्या नावे करत नाही, सोबत नेते.

४. मी माहुलला गेले. काशीराम म्हणाले, "मीच नीट लिहायला हवं होतं." हे ऐकायला मी गेले नव्हते. सुगंधा दारातच उभी होती. "एक फोन करायचा ना. नंबर दिला होता बाबांनी."

दिला होता.

५. त्यानंतर मी बंद केलेल्या अकराशे तक्रारी पुन्हा उघडल्या, एकेकाला विचारलं. एकसष्ट जणांचं उत्तर आलेलं नाही. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, त्यांतलं एखादं नाव समोर येऊन उभं राहतं.

६. माझा कॉम्प्युटर, तक्रारींच्या पानाचे अधिकार आणि त्या एकसष्ट जणांची यादी सुगंधाला. गेल्या वर्षी तिनेच फोन केला: "मला शिकवा. तुमच्यासाठी नाही." ती आता कळवणाऱ्या प्रत्येकाशी बोलते.

७. काशीरामांना मी साक्षीला बोलावणार होते. वकील म्हणाले, सही होताना पाहू शकेल असाच साक्षीदार लागतो. म्हणून सहीआधी याचा कच्चा मसुदा त्यांना वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं, "माझ्यामुळे एक बाई गेली."

ते म्हणाले, "एक बाई नको. जयंती लिहा."

माझ्यामुळे जयंती काशीराम घाडी गेल्या.

सही: अनुपमा मो. टिपणीस

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. डॉ. संघमित्रा जाधव
२. दशरथ म्हात्रे

मुलुंड पूर्व, १४ फेब्रुवारी २०२५