इन्फ्लुएंझाचा अर्थ

नाना,

आज जळगावच्या आमच्या शाळेत एका मुलीनं इन्फ्लुएंझा या शब्दाचा अर्थ विचारला आणि माझं डोकंच फिरलं. "तापाचं नाव आहे, गुपचूप लिहून घे," मी तिला म्हणाले. तुम्ही असतात तर फळ्यापाशी उभे राहून अर्धा तास बोलला असतात. तुमची ती खोड मला अजूनही सहन होत नाही.

मानमोडीच्या तापाच्या साथीचं वर्ष. धुळ्याला देवपुरातलं आपलं घर. आईचा ताप नुकताच उतरलाय, आठ दिवस तिला अंथरुणातून उठू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. शिंदखेड्याहून आत्या आलीय. तिनं या आजाराचं इंग्रजी नाव विचारायचा अवकाश, तुम्ही ओट्यावर मांडी ठोकलीत. शब्द मूळचा इटलीतला, अर्थ प्रभाव. आकाशातले ग्रहतारे माणसावर प्रभाव पाडतात आणि त्यातून साथ येते, असं तिकडचे लोक मानत. मानत, नाना. शेकडो वर्षांपूर्वी. ती समजूत खोटी निघाली, एवढं पुढं सांगायला तुमचं काय जात होतं?

आत्यानं हात जोडले. "गोरा साहेबले बी माहीत शे, हाई ग्रहसनं काम शे. मंग भाऊ, शांती कराले काय हरकत शे?"

आणि तुम्ही, इंग्रजी शाळेतले मास्तर, मिशीत हसलात. बहिणीसमोर विद्वान ठरला होतात, आता माघार कशी घेणार? शांतीला नवरा-बायकोनं जोडीनं बसावं लागतं. म्हणजे आईनं पहाटे डोक्यावरून न्हायचं आणि तुमच्या उपरण्याला पदराची गाठ मारून दुपारपर्यंत उपाशीपोटी होमाच्या धुरात बसायचं. तिला खोकल्याची उबळ आली तेव्हाही तुम्ही गाठ सोडली नाहीत. नुसतं "झालंच हं" म्हणालात. चौथ्या दिवशी ती गेली. पुढं तुम्ही सात वर्षं जगलात, पण इन्फ्लुएंझा हा शब्द तुमच्या तोंडून पुन्हा आला नाही. आला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार आहे मी? पण लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. त्या पहाटे आईला न्हाणीपर्यंत मीच हात धरून नेलं. तिचा हात चांगलाच तापलेला होता. पण घरात बुंदी पाडून झाली होती, माणसं जेवायला यायची होती आणि मला नवा परकर घालायचा होता. मी कुणाला काही बोलले नाही.