कार्बोरेटर निर्दोष होता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा जुन्या मोटारसायकलींची दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. धाक एकाच व्यक्तीचा होता, माझ्या बायकोचा, आणि ती सहा वर्षांपूर्वी वारली. माझी छाती दगा देते आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या थोरल्या मुलाला मिळावी. त्याने माझे औषधपाणी वेळेवर केले, कधी तोंड वाकडे केले नाही. पाना कोणत्या बाजूला फिरवायचा हे त्याला आजतागायत कळलेले नाही. माझ्यावर गेला नाही, बरेच झाले.

२. समोरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला माझ्या फळीवरचा पत्र्याचा डबा द्यावा. त्यात त्याने 'अस्सल माल' म्हणून माझ्या गळ्यात मारलेले सत्तावीस प्लग आहेत. त्याने ते स्वतःच्या गाडीला लावून पाहावेत, एवढीच इच्छा.

३. शेजारच्या वेल्डरने माझा मोठा पाना "उद्या देतो काका" म्हणून नेला, त्याला चार वर्षे झाली. पाना त्याच्याकडेच राहू द्यावा. पण मी विसरलो नव्हतो, हे त्याला जरूर कळवावे.

४. गॅरेज आणि आतली सर्व हत्यारे माझ्या मुलीला मिळावीत. ती बसच्या आगारात हेडमेकॅनिक आहे, तिच्याहून वयाने मोठे लोक तिला विचारून इंजिन खोलतात. ती गॅरेज घेईल की नाही, हे मला माहीत नाही. तिने घेतले नाही तर शटर कायमचे पडेल, आणि त्याला कारण मी असेन. ते असे.

५. अकरा वर्षांपूर्वी शाळेतले मास्तर आपली जुनी मोटारसायकल घेऊन आले. गाडी सात-आठ किलोमीटर गेली की बंद पडे, आणि अर्ध्या तासाने पहिल्या किकला चालू होई. मी म्हटले, पेट्रोल पोचत नाही, कार्बोरेटरच. पंधरा दिवसांत तो चार वेळा खोलला. जेट फुंकले, सुई बदलली, फ्लोट खाली-वर केला. प्लगला करंट येतो का हेही प्रत्येक वेळी पाहिले, पण कार्बोरेटर उतरवून, धुऊन, पुसून झाल्यावर. तोवर इंजिन गार झालेले असे आणि करंट ठणठणीत येई.

मुलगी तेव्हा माझ्याच हाताखाली होती. ती म्हणाली, "बाबा, बंद पडल्या पडल्या प्लग काढा. गरम असतानाच करंट बघा. कंडेन्सर तापला की मरतोय." मी मास्तरांच्या देखत म्हणालो, "तू पाने पूस. निदान करायला मी जिवंत आहे अजून."

दुसऱ्या दिवशी मी जेवायला घरी गेलो असताना तिने कंडेन्सर बदलला. प्लगच्या करंटच्या वायरीवरची बोटभर लांबीची डबी, दोन स्क्रू, दहा मिनिटांचे काम. मास्तर चाळीस किलोमीटर फिरून आले आणि माझी पाठ थोपटायला लागले. मी म्हणालो, "म्हटलं नव्हतं, कार्बोरेटरच होता?" मुलगी जुना कंडेन्सर हातात घेऊन तिथेच उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला, हात धुतले आणि गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकांना फक्त तब्येत विचारतो.

कार्बोरेटर निर्दोष होता. मी खोटे बोललो. मला माझ्या मुलीसमोर हरायची लाज वाटली, आणि त्या लाजेची आज मला जास्त लाज वाटते.

६. वरील कलम माझ्या मागे वाचले जावे, असा माझा बेत होता. साक्षीदार म्हणून सही करायला आलेल्या डॉक्टरांनी हे वाचले आणि म्हणाले, "म्हणजे तिला उलट बोलायचीही सोय नको, असंच ना?" मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी लगेच मुलीला फोन करून कलम पाच वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे मला कशाला सांगता, बाबा? कंडेन्सर मीच बदलला होता ना? ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना सांगा." मी विचारले, "आणि गॅरेज?" ती म्हणाली, "आधी सांगा तर खरं."

तेव्हा दुसरे साक्षीदार म्हणून मी मास्तरांना बोलावले आहे. गेली अकरा वर्षे ते गावभर "कार्बोरेटरला यांच्यासारखा हात नाही" सांगत गिऱ्हाईके पाठवतात. पाटीवरचे 'कार्बोरेटर स्पेशालिस्ट' हे शब्द त्यांच्याच आग्रहाने रंगवले. ते आज सकाळी मी खरवडून काढले. साक्षीदाराने मृत्युपत्र वाचण्याची सक्ती नसते, पण यांनी वाचावे अशी माझी विनंती आहे.

ठिकाण: गॅरेजची मागची खोली. दिनांक ९ फेब्रुवारी, मंगळवार.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार १: फॅमिली डॉक्टर. माझ्यासमोर सही केली, पूर्ण शुद्धीत होते.

साक्षीदार २: सेवानिवृत्त शिक्षक, सदर मोटारसायकलचा मालक. कलम पाच दोनदा वाचले. राग आला. तरी सही करतो. मुलीला इथूनच फोन लावला, अकरा वर्षांचे राहिलेले आभार मानले. गॅरेजचे विचारल्यावर म्हणाली, "शनिवारी येते. बाबांना सांगा, मी येईपर्यंत एकाही गाडीला हात लावू नका."