निरंक लिहिलेला रकाना

मी सर्जेराव कडूबा जंजाळ, वय ५८, राहणार बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर, वाळूजच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षे माल तपासनीस, पूर्ण शुद्धीवर राहून हे माझे मृत्युपत्र सांगत आहे. ते करण्यासाठी कुणी दबाव टाकलेला नाही. दबाव आहे तो गप्प बसण्यासाठी, त्याचा खुलासा कलम चारमध्ये येईल. वेदनेच्या गोळ्या चालू आहेत, पण त्यांनी माझी अक्कल गेलेली नाही, असा डॉ. मेघा गाडेकर यांचा दाखला सोबत जोडला आहे.

हे मी स्वतः लिहीत नाही. औषधांनी बोटे बधिर झालीत, पेन धरलाय की सुटलाय तेच कळत नाही. लिहिणारे प्रणय फरकाडे वकील आहेत. माझी मुलगी सायली हिच्याशी त्यांची सोयरीक ठरली असून वैशाखात लग्न आहे. जावईबापू, मी बोलेन ते सगळे लिहायचे, भाषा सुधारायची नाही, असे मी त्यांना बजावले आहे. ते "बरं काका" म्हणाले.

कलम १. बजाजनगरचे घर पत्नी करुणा हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यामागे ऋतुराज आणि सायली यांचे निम्मे निम्मे. ऋतुराजने आईला वरच्या खोलीत पाठवू नये. तिचे गुडघे गेलेत, आणि जिना मीच बांधून घेतलाय, तो कसा आहे ते मला माहीत आहे.

कलम २. माझी मापे घेण्याची हत्यारे, म्हणजे मायक्रोमीटर, दोन्ही व्हर्नियर आणि त्यांची लाकडी पेटी, मुलगा ऋतुराजला. तो शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला आहे, त्याला किंमत कळेल. माझ्या उभ्या नोकरीत मी एकच खेप डोळे झाकून पास केली, तीही साहेबांनी "दिवाळी तोंडावर आलीय, जंजाळ, सोडून द्या" म्हटले म्हणून. माल परत आला आणि साहेब म्हणाले, "मी कधी म्हणालो?" त्या साहेबांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. आले तर जेवू घालावे, पण गोड वाढू नये.

कलम ३. शेंद्र्याजवळचे आमचे शेत दोन्ही मुलांना. पण त्यातून विहिरीकडे जाणारी वाट माझी चुलती दगडाबाई हिला कायमची मोकळी करावी. ही वाट आम्ही बंद केली होती. मी अठरा वर्षांचा असताना माझी आई पारूबाई पोटात गोळा होऊन गेली. वय अवघे बेचाळीस. दगडाबाईने पोळ्याच्या सणाला आईला पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, एवढ्यावरून घरात ठरले की हिनेच करणी केली. बापाने वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मीही टाकल्या, आणि तेव्हा मला चांगले कळत होते. चाळीस वर्षे त्या बाईने लांबून वळसा घालून पाणी वाहिले. आता ती ऐंशीच्या घरात आहे. माझ्या मागे ऋतुराजने मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत हे कलम मोठ्याने वाचावे. करणी नव्हती. आजार होता, तो आमच्याच रक्तात होता, आणि तो आता माझ्यात आहे. काकू, मला माफ करा.

कलम ४. तीन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. दवाखान्यात फॉर्म दिला. त्यात रकाना होता, कौटुंबिक आजार. मी लिहिले, निरंक. कारखान्यात दोषांच्या रकान्यात हजार वेळा लिहिलेला शब्द, हात आपोआप चालला. आणि लिहिणार तरी काय? आमच्या लेखी आईला आजार नव्हताच, करणी होती. गाडेकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठीच्या तुकड्याची अजून एक तपासणी करू. मी म्हणालो, काय गरज नाय, फॉर्म भरलाय की. माल तपासणाऱ्याने स्वतःचा माल न तपासता पास केला! नेहमीचे औषध सुरू झाले. सहा महिने सलाइन, उलट्या, बोटे मेली, आणि गाठ वाढतच राहिली.

मग ती तपासणी केली आणि कारण कळले. मला समजले तसे सांगतो. पेशी वाढताना आपल्या नकाशाची नक्कल काढते. नकलेतल्या चुका पकडायला पेशीत तपासनीस असतात. ते पहिले औषध नकलेत मुद्दाम खोटे अक्षर घुसवते. तपासनीस ते पकडतो, पुन्हा पुन्हा दुरुस्त करू बघतो, जमत नाही, मग लाइन बंद पाडतो आणि पेशी मरते. माझ्या गाठीत तपासनीसच नाहीत. खोटे अक्षर आले काय नि गेले काय, लाइन चालू. हे ऐकून मी लई हसलो, डॉक्टरीणबाई घाबरल्या.

दुसरे औषध शरीरातल्या पहारेकऱ्यांचे हात मोकळे करते. माझ्यासारख्यांना तेच लागू पडते. अकरा महिने गाठी विरघळल्या, मी मऊ भात सोडून ज्वारीच्या भाकरीवर आलो, फिरायला जाऊ लागलो. मग यकृतात परत उगवल्या. प्रत्येक पेशी आतल्या मालाचा नमुना बाहेर खुंटीला टांगते, पहारेकरी तो बघून चोर ओळखतात. माझ्या काही पेशींनी खुंटीच मोडली. खुंटीवाल्या मेल्या, बिनखुंटीच्या उरल्या, आणि आता सगळी त्यांचीच वस्ती. औषध नापास नव्हते. औषधानेच चाळणी लावून वाईट ते मागे ठेवले.

(करुणा चहा घेऊन आत आली आहे, म्हणून इथे घराच्या चतुःसीमा सांगतो. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बन्सीचे घर, दक्षिणेस पाण्याची टाकी, उत्तरेस रिकामा प्लॉट. "अजून किती लिव्हायचं राह्यलंय? पाव्हण्याला दमवू नका," म्हणाली. गेली. पुढे लिहा.)

तपासनीस नसण्याचा हा दोष आईकडून मला आला. माझ्या प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता रुपयात आठ आणे, म्हणजे निम्मी. दोष असला म्हणजे मरण आले असे नाही. रक्त तपासून कळते, आणि असला तर ठरावीक काळाने नळी घालून आतडे बघतात, बारीक कोंब दिसला की तिथेच खुडतात. सायली पंचवीसची आहे, हेच वय बघायला लागायचे. ऋतुराज तर एकोणतीसचा.

मुलांना हे माहीत नाही. मी सांगणार होतो. करुणाने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "रक्तात हाय म्हणलं की सोयरीक मोडंल. मंग पोरीला कोण करील? पोरापाशी बोलाल तर तो भनीला सांगंल. लगीन होऊ द्या, मंग बोला." मी म्हणालो, नाय बोलणार. ती वाईट बाई नाही. तीन वर्षे माझ्या पोटावरची शौचाची पिशवी तिनेच बदलली आणि एकदाही नाक मुरडले नाही. पण डॉक्टर म्हणतात त्यावरून वैशाख काही मला दिसत नाही. बोललो तर बायकोची शपथ मोडते आणि पोरीचे लग्न मोडते. नाही बोललो तर लेकरांच्या फॉर्मवर मी परत निरंक लिहून मरतो. आठ महिने या खोलीत पडून मी एवढाच विचार करतोय. इकडे आड, तिकडे विहीर.

कलम ५. आज शपथ मोडली. करुणा, तुझा गुन्हेगार आहे.

प्रणयराव, पेन का थांबला? लिहा. ते म्हणतात, "काका, हे मृत्युपत्रात बसत नाही." बसवा. मला दुसरा वकील करता आला असता. तुम्हालाच बोलावले, कारण मी मेल्यावर वाचून उपयोग नाही, कुणीतरी आजच ऐकले पाहिजे. तुम्हाला गाठून अडकवले, याची मला लाज वाटते. सोयरीक मोडायची असेल तर आज मोडा, मी जिवंत आहे तोवर. लोकांच्या शिव्या मी खाईन, पोरगी खाणार नाही. पण मोडलीत तरी तिला तपासणीचे सांगा. ऋतुराजलाही सांगा. माझ्या तोंडून ते होत नाही. तिच्यासमोर बसलो की मी लग्नाच्या खर्चाचेच बोलत राहतो, देवाशपथ.

एवढेच. वाचून दाखवले, बरोबर आहे.

सही: सर्जेराव कडूबा जंजाळ (बोटे बधिर असल्याने सही वाकडी आली आहे, सोबत डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार १: बन्सी दांडगे, शेजारी, बजाजनगर
साक्षीदार २: ~~प्रणय फरकाडे~~ डॉ. मेघा गाडेकर

लेखनिकाची नोंद: वरील मजकूर सांगितला तसा लिहिला. कलम पाच लिहिताना मी एकदा उठून अंगणात जाऊन आलो. करुणाकाकू कप न्यायला आल्या तेव्हा मीही घराच्या चतुःसीमाच लिहीत असल्याचे दाखवले. सायलीला आणि ऋतुराजला आज संध्याकाळी मी सांगणार आहे.

साक्षीदार दोनच्या खोडाखोडीचा खुलासा: काकांनी तिथे माझे नाव घातले होते. मृत्युपत्रात जिला वाटा आहे तिच्या नवऱ्याने साक्षीदार होऊ नये असा आमच्या कामातला रिवाज आहे. मी सायलीचा नवरा होणार आहे, म्हणून मी माझे नाव खोडले, डॉक्टरांना घरी बोलावून घेतले, आणि त्या आल्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर काकांनी सही केली.

लेखनिक: प्रणय फरकाडे
ठिकाण: बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६