हात वर करणाऱ्यांची यादी

ताई,

मी बरा आहे, हे आधी वाच. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं.

जंगल राखायच्या आराखड्यासाठी नगरपालिकेत सात जणांनी हात वर केले. कारकून म्हणून नियमाप्रमाणे त्यांची नावं मीच दारावर लावली. लाकूडवाल्यांची माणसं तीच यादी घेऊन घरोघर फिरली आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने एकेकाचा उजवा हात मोडला. सातांतल्याच नगराध्यक्षबाईंनी दार उघडलं नाही, तर घरच पेटवलं. त्या गेल्या.

यादीखाली सही माझी होती, म्हणून माझाही मोडला.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, जिन्यावरून पडलो.

उद्या त्याच आराखड्यावर पुन्हा मतदान आहे. उरलेले सहाही जण डावा हात वर करणार आहेत. मी यादी लावणार नव्हतो. तेच म्हणाले, लाव.

एक हात शाबूत असलेला,
तुझा धाकटा